माईक बिघडला होता

रंग अजून ओला होता. बोट लावलं तर पिवळा आला हाताला. सुरतेत, कतारगामच्या आमच्या जुन्या गल्लीच्या तोंडाशी, जिथे लूमचं, म्हणजे यंत्रमागाचं, शेड होतं आणि आता मोबाईलच्या कव्हरांची दुकानं झाली आहेत, तिथल्या भिंतीवर आप्पाचं चित्र काढलंय. सुकलाल आप्पा. डोक्यावर भगवा फेटा दिलाय. आप्पाने जन्मात फेटा बांधला नाही, तेलकट पांढरी टोपी घालायचा. चेहरासुद्धा कुठल्या तरी पुढाऱ्यासारखा गोल केलाय. असू दे, चित्राला माझी हरकत नाही. पण चित्राच्या खाली मोठ्या अक्षरांत ओळ आहे: ‘आवाज गेल्यानंतरही गात राहिलेला खानदेशचा लोकगायक’. ती वाचली आणि माझं डोकंच फिरलं.

जवळच्याच बँकेत मी नोकरी करते. जेवणाच्या सुट्टीत सहज डोकावले होते, जेवण राहिलं बाजूला. तिथूनच विलासला फोन लावला. विलास आमच्याच गल्लीतला, माझ्या बरोबरीचा. हजीऱ्याला कंपनीत माणसं पुरवतो, आता पुढच्या निवडणुकीत उभं राहायचंय त्याला, म्हणून अचानक खानदेशचा पुळका आलाय आणि हे चित्र काढून घेतलंय.

“ती ओळ पूस,” मी म्हटलं.

“कोणती ताई?”

“तुला चांगलं माहितीये कोणती.”

“अरे ताई, तीच तर स्टोरी छे! लोक रडतील वाचून.”

“रविवारी उद्घाटनाला आबा येणार आहेत.”

“हां तर येऊ दे ना. पहिल्या खुर्चीवर बसवतो आबांना. सत्कार करू.”

“विलास, आबांना माहीत नाही.”

तो म्हणाला, “खरं तेच लिहिलंय ना ताई. खोटं तर नाही लिहिलं.” आणि दुसरा फोन येतोय म्हणून ठेवून दिला. मेल्याला खरं आत्ता आठवलं.

तर आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, माहीत नाही की आप्पाचा आवाज गेला होता. तीस वर्षं होत आली. कामरेजला माझ्या भावाकडे राहतात ते, हायवेजवळच्या सोसायटीत, आणि दर श्रावणात घरात कानबाई देवी बसली की नातवंडांना समोर घेऊन सांगतात, आप्पाचा आवाज कसा होता, कसा पार तापीच्या पलीकडे जायचा. नातवंडं मोबाईल बघत हं हं करतात. आबांना ते हं हं ऐकू येत नाही. आबा बहिरे आहेत. लूमवर जन्म गेला, कान तिथेच राहिले.

ज्यांनी चालू लूमचं शेड पाहिलं नाही त्यांना ते सांगून कळायचं नाही. दारातून आत पाय टाकला की आधी वास यायचा, मशीनच्या तेलाचा, कांजीचा, आणि कोऱ्या कापडाचा एक आंबूस दमट वास. तो आबांच्या बनियनला असायचा, आमच्या गोधडीला असायचा, माझ्या शाळेच्या दप्तराला सुद्धा. आणि मग तो खटखटाट. शटल इकडून तिकडे, तिकडून इकडे, अख्खी जमीन हलायची. डबा द्यायला गेले की माझे दात आपोआप वाजायचे. आत कोणाला कोणाचं ऐकू येत नसे. म्हणून सगळे तोंडाकडे बघून बोलायचे. धागा तुटला, शेठ आला, चहा आला, सगळं ओठांवर. कानांची गरजच उरली नव्हती, त्यामुळे कान कधी गेले हे कोणाला धड कळलंही नाही.

सुकलाल आप्पा त्याच शेडमध्ये, आबांच्या समोरच्या लूमवर. शहाद्याकडचा. त्याचा बाप गावात डफ वाजवून गायचा, आजाही गायचा. आप्पा डफ घेऊन सुरतला आला आणि लूमला लागला. गाणं काही सुटेना. मग त्याने काय करावं? तो शेडमध्येच गायला लागला. खटखटाटात कोण ऐकणार? कोणी नाही. पण समोरच्याला दिसत होतं. आप्पाने गाणं तोंडात आणलं. एकेक अक्षर असं मोठं करायचा की पार भिंतीकडच्या लूमवरच्या माणसाला वाचता यावं. ‘आ’ म्हटलं की पडजीभ दिसायची. भुवया, मान, खांदे, सगळ्यांना कामाला लावायचा. शेडमधली माणसं हात चालू ठेवून आप्पाकडे बघायची आणि धृपदाला सगळ्यांची तोंडं एकदम उघडायची. मी दारात डबा घेऊन उभी असायचे आणि मला काहीच ऐकू यायचं नाही, फक्त लूम. पण गाणं चाललंय हे दिसायचं.

विजेची सुट्टी असायची, म्हणजे लूमची वीज बंद ठेवायचे, त्या दिवशी संध्याकाळी गल्लीत बैठक. आप्पाच्या दारासमोर बाज टाकलेली. आप्पा बाजेच्या कडेला डफ टेकवून बसायचा, म्हणजे थाप पडली की लाकडातून बाजेवरच्यांच्या बुडाला कळायची. जे खाली बसत ते तळवा बाजेच्या पायाला लावून ठेवत. आबा कायम पहिल्या ओळीत, अगदी आप्पाच्या गुडघ्याला गुडघा लावून. मी आबांच्या मांडीला टेकून. शेजारी सुमनकाकी, म्हणजे आप्पाची बायको, चुलीवर कळण्याच्या भाकरी टाकत असायची आणि मिरच्यांच्या धुराने सगळे खोकायचे. आप्पाचा आवाज मला पक्का आठवतो. जाड, थोडा खरखरीत, पण वर गेला की स्वच्छ व्हायचा. एक गाणं त्याने सुरतेतच केलेलं होतं:

तापी माय व, तू वरथून उनी,
मन्हं गाव कसं शे सांग.

वरून आलीस, माझ्या गावावरून आलीस, तर सांग ना गाव कसं आहे. एवढंच. मग नदीला एकेक विचारायचं, चिंचेला चिंचा आल्या का, बहिणीला माहेरी आणलं का, म्हातारा बैल आहे का गेला. दाढ्या वाढलेले बाप्ये, दिवसभर शेठच्या शिव्या खाणारे, तिथे बसून ढसाढसा रडायचे. आबा तर पहिल्या ओळीलाच सुरू. ते जे रडत होते ते आप्पाच्या ओठांकडे बघून रडत होते. त्यांच्या कानात आप्पाचा आवाज कधी शिरला असेल तर सुरुवातीच्या काही वर्षांत. नंतर तो त्यांनी आपापल्या डोक्यातच लावून घेतला असणार.

आम्हा पोरांना आप्पाचं तोंड लागलं ते कायमचं. वर्गात बाईंच्या पाठीमागे आम्ही न बोलता अख्खी उत्तरं सांगायचो, गुजराती पोरं येडी व्हायची. माझी आई आणि समोरची विलासची आई गल्लीच्या दोन बाजूंना उभ्या राहून आवाज न करता भांडायच्या, हातात बॉबिन भरायचं काम चालू, आणि ओठांवर अशा एकेक शिव्या की बघणाऱ्याचे कान लाल व्हावेत. आजही बँकेत लोक म्हणतात, मॅडम, तुम्ही बोलताना तोंड केवढं उघडता! मी त्यांना काय सांगू? हसते आणि पासबुक परत देते.

चौऱ्याण्णवच्या प्लेगच्या वेळी सगळी गल्ली गावाला पळाली. तोंडाला फडकी बांधलेली माणसं, गाडीला लटकलेली बोचकी, ते सगळं झालं. थंडी पडता पडता परत आलो. कुलुपं उघडली, घराघरातून उंदरांचा आणि बंद पिठाचा वास. आप्पाही परत आला, बराच बारीक होऊन. पहिल्याच सुट्टीला त्याने बाज बाहेर काढली. माणसं जमली. डफावर थाप पडली. आप्पाने तोंड उघडलं.

काहीच आलं नाही. नुसती हवा. सायकलच्या ट्यूबमधून जाते तशी.

मला वाटलं घसा साफ करतोय. पण तो गात होता. मान तशीच, भुवया तशाच, ‘तापी माय व’ अगदी स्वच्छ ओठांवर. समोर आबा आणि सगळे लूमवाले डोळ्यांत पाणी आणून बघत होते. आणि आवाज नव्हता. गल्लीत कुठे तरी कुकर वाजला, पलीकडच्या हिऱ्याच्या घंटीवरचा, म्हणजे पैलू पाडायच्या कारखान्यातला, रेडिओ ऐकू आला. एरवी आप्पा गाताना तो रेडिओ कधी ऐकू येत नसे. सुमनकाकी पिठाच्या हाताने दारात येऊन उभी राहिली. तिने माझ्या आईकडे बघितलं, आईने विलासच्या आईकडे. गल्लीतल्या सगळ्या बायका एकेक करून दारात आल्या. धृपद आलं तसे बाप्ये आपल्या बहिऱ्या, बेसूर गळ्यांनी ओरडले, “गाव कसं शे सांग!” आणि आप्पा खूश होऊन हसला.

आप्पालाही कळलं नव्हतं. त्याचेही कान लूमने खाल्लेलेच. बोलायचा तो तोंडाने, ऐकायचा तो डोळ्यांनी, आणि समोर सगळी त्याच्यासारखीच. दुकानात जायचं, डॉक्टरकडे जायचं, तिथे काकी बोलायची. त्याला कोण सांगणार?

त्या दिवशी पाण्याच्या नळावर आईने सगळ्या बायकांना सांगितलं, “कोन्हीच काही बोलानं नही.” मग आम्हा पोरांकडे वळली. “आन कोन्ही बोलनं त थोबाड फोडसू.” आईचं थोबाड फोडणं सगळ्यांनी पाहिलेलं होतं. कोणी बोललं नाही. एकाही बायकोने आपल्या नवऱ्याला सांगितलं नाही. बैठका तशाच चालू राहिल्या, कानबाईच्या रोटाच्या दिवशी, उत्तरायणाच्या पतंगांत, गंगाफळाच्या भाजीच्या वासात. आबा मधेच माझ्याकडे वळून म्हणायचे, “काय आवाज शे ना!” मी मान हलवायचे. आणि खोटं सांगत नाही, कितीतरी वेळा मलाही तो ऐकू आल्यासारखा वाटायचा.

मग ते मंडळवाले आले. गल्लीत कधी पाऊल न टाकलेले, रस्त्यापलीकडच्या सोसायटीतले मराठी लोक, मास्तर, ऑफिसवाले. आम्ही त्यांना खानदेशी म्हणून आठवायचो ते फक्त वर्गणीच्या वेळी. त्यांना गणपतीत लोककलेचा कार्यक्रम हवा होता. आप्पाचं नाव कुठून तरी त्यांच्या कानावर गेलेलं, जुनं. काकी म्हणाली, बरं नाही त्यांना. आई म्हणाली, त्याच दिवशी आम्ही गावाला जाणार. पण आप्पाने त्यांच्या ओठांवर ‘स्टेज’ वाचलं होतं. तो कसला ऐकतोय! इस्त्रीचा सदरा आणला, टोपीला नीळ दिली. आबांनी तर अख्ख्या शेडला सांगितलं.

कार्यक्रमाच्या दिवशी पहिल्या ओळीत सतरंजीवर आपली लूमवाली माणसं. मागे खुर्च्यांवर ते, साबणाचा आणि अत्तराचा वास मारणारे. निवेदकबाई फार शुद्ध बोलल्या. मग एका माणसाने आप्पाच्या तोंडासमोर माईक आणून उभा केला. हा एवढा मोठा, काळा, बरोबर ओठांवर. पहिल्या ओळीतली माणसं लगेच माना वाकड्या करायला लागली. त्यांना दिसेना.

आणि मागच्यांना ऐकू आलं. दोन मोठ्या भोंग्यांतून, सगळ्या मैदानावर, फस्स. फस्स, हस्स. आधी कोणी तरी खोकलं. मग एक हसला. मग खुर्च्याच्या खुर्च्या हसायला लागल्या. “अहो, हवा भरताय का?” कोणी तरी ओरडलं. आप्पाने समोर बघितलं, एवढी माणसं हसतायत, खूश आहेत, तो आणखी जोरात गायला लागला. आबांनी वळून मागे पाहिलं. सगळ्यांचे दात दिसत होते. आबांना वाटलं, आवडलं त्यांना. त्यांनी टाळ्या वाजवल्या! पहिल्या ओळीतल्या सगळ्यांनी वाजवल्या. ते आठवलं की आजही माझ्या अंगाची लाही लाही होते. त्या मैदानातल्या एकेकाला धरून विचारावंसं वाटतं, काय रे, काय हसलात? विलासही हसला होता. त्याच्या आईने तिथल्या तिथे त्याच्या थोबाडीत दिली.

माझी आई उठली. पदर कमरेला खोचला आणि थेट मंडपाच्या कडेला माईकवाल्याकडे गेली. “बंद कर वो! बंद कर बोलती मैं!” तो बघतच राहिला, तेव्हा तिने स्वतः वायर उपटली. मग तशीच निवेदकबाईंपुढे जाऊन उभी राहिली. “माईक बिघडला म्हणा.” बाई म्हणाल्या, “अहो, पण...” “म्हणा! मोठ्यानं म्हणा, तोंड उघडून!” त्यांनी बिचाऱ्यांनी म्हटलं. आणि मोठ्याने, तोंड उघडून म्हटल्यामुळे पहिल्या ओळीला बरोबर कळलं. आबा उठून मंडळवाल्यांवर ओरडले, एवढ्या मोठ्या माणसाला सडका माईक देता? आप्पाने हात केला, राहू द्या, राहू द्या. माईक बाजूला ठेवला, स्टेजच्या कडेला येऊन पाय खाली सोडून बसला आणि पहिल्या ओळीला अख्खं गाणं गायला. मागच्या खुर्च्या हळूहळू रिकाम्या झाल्या.

घरी येताना आप्पा आबांच्या खांद्यावर हात टाकून चालत होता. म्हणाला, माईक नव्हता तरी मागेपर्यंत गेला ना आवाज? आबा म्हणाले, पार रस्त्यापर्यंत.

पुढे कधी तरी आप्पा गावाला गेला आणि तिथेच गेला. काकी गेली. लूम भंगारात गेले, शेड पाडलं, तो वासही गेला. आई गेली, शेवटपर्यंत एक शब्द न काढता. पहिल्या ओळीतले आता एकटे आबा उरलेत. त्यांच्याजवळ काय आहे? एक बंद पडत आलेलं शरीर, भावाच्या घरातला एक कोपरा आणि आप्पाचा तो आवाज, जो मागेपर्यंत गेला होता. तेवढंच आहे. आणि हा विलास ते रंगाच्या डब्याने पुसायला निघालाय, कारण लोक रडतील.

मी शनिवारी पुन्हा गेले. पेंटरला म्हटलं, मी पैसे देते, ओळ खोड. तो म्हणाला, विलासभाईंना विचारा. आबांना म्हटलं, येऊ नका, ऊन लागेल. ते म्हणाले, आप्पाना कार्यक्रम शे आन मी घर बठू? भाऊ तेव्हा अगदी लहान आणि वहिनी नंतर आलेली, दोघांना माहीतच नव्हतं; सांगितलं तर त्यांना हसू आलं, एवढं काय त्यात. मी रात्रभर शिव्या दिल्या सगळ्यांना, मनातल्या मनात, तोंड उघडून.

रविवारी भिंतीला हार घातलेला होता, खुर्च्या, डीजे, सगळं. मी आबांना चित्राच्या पुढे उभं करून स्वतः त्या ओळीसमोर उभी राहिले. माझी रुंदी काही कमी नाही, पण ओळ लांब होती. बहिरे झाल्यापासून आबा सगळं वाचतात, पुडीचा कागदसुद्धा सोडत नाहीत. त्यांनी मला हाताने बाजूला केलं. भिंतीवर बोट ठेवलं आणि एकेक अक्षर वाचत गेले. आवाज. गेल्यानंतरही. तिथे बोट थांबलं. पुन्हा मागे आलं, पुन्हा वाचलं.

“म्हंजे माईक चांगला व्हता?” आबांनी मला विचारलं.

मी मान हलवली.

“तुनी मायले ठाव व्हतं?”

“हो.”

त्यांनी बराच वेळ त्या फेट्याकडे बघितलं. मग विचारलं, “आप्पाले?”

“नाही आबा,” मी म्हटलं, तोंड मोठं उघडून, एकेक अक्षर सुटं करून. “आप्पाला कधीच कळलं नाही.”

आबांनी श्वास सोडला. तेवढ्यात विलास शाल घेऊन पुढे आला, वाकून पाया पडला. आबांनी त्याचं मनगट धरलं. बहिऱ्या माणसाला आपला आवाज केवढा हे कळत नाही, अख्खा चौक वळून बघायला लागला.

“तो त मरी गया रे,” आबा म्हणाले. “मी जित्ता शे ना अजून. तू माले कसाले सांगं?”

विलास काही तरी बोलायला लागला, हात जोडून, बराच वेळ. आबांनी त्याच्या तोंडाकडे पाहिलंच नाही.